सामंत बाईंची संख्या

न्हावा शेवा बंदराकडे जाणारा ट्रक समोरून गेला की सामंत बाई त्याच्या नंबराला मनातल्या मनात सातानं भागायच्या. भाग गेला तर दिवसभर खूश. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ऐरोलीच्या शाळेत मी गणित शिकवायला लागले, तेव्हा त्या तिथल्या ज्येष्ठ शिक्षिका होत्या. मूळच्या मालवणच्या. मुलींनी उत्तराची घाई केली की म्हणायच्या, "आकड्याला आधी बोलू दे गो, मग आपण बोलू." मीही वर्गात तसंच बोलायला लागले होते.

एका दुपारी रिकाम्या वर्गात त्यांनी फळ्यावर लिहिलं, ३८१६५४७२९.

"एक ते नऊ, सगळे अंक एकेकदाच. पहिले दोन घे, अडतीस, दोनानं भाग जातो. पहिले तीन घे, तीनशे एक्याऐंशी, तीनानं जातो. असं थेट नवापर्यंत. कॉलेजात असताना सापडली मला. पण अशी दुसरी आहे की नाही, ते आजवर ठरवता आलं नाही."

मी त्या संख्येच्या मागेच लागले. पाचवा अंक पाचच हवा, हे लगेच कळलं. दुसरा, चौथा, सहावा, आठवा सम हवेत. मग रविवारी मटार सोलता सोलता लक्षात आलं, मधले तीन अंक २५८ किंवा ६५४ असतील तरच जमतं. उरलेल्या मोजक्या संख्या तपासल्या. एकच टिकली, बाईंची.

सोमवारी मी त्यांना सगळं सांगितलं. "परत सांग," म्हणाल्या. परत सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवशी आनंदात मला जेवण सुचलं नाही.

पुढे ठाण्याला गणित शिक्षकांचा मेळावा झाला. बाई बोलणार म्हणून मी हौसेनं पुढे बसले. त्यांनी संख्या लिहिली आणि मग माझी सिद्धता मांडली, माझ्याच क्रमानं. कुणीतरी विचारलं, "बाई, हे सुचलं कसं?"

"मटार सोलत होते," बाई म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये बाईंनी दोघींची तिकिटं काढली. मग त्या म्हणाल्या, "संख्या माझीच होती गो."

"ती एकटीच आहे, हे मी दाखवलं होतं."

"तुला अजून पुष्कळ वर्षं आहेत. माझं हे शेवटचं."

त्यांच्या निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी मला पुढे बोलावलं. "सामंत बाईंची सिद्धता मुलांना समजावून सांगा." बाई मंचावर हार घालून बसल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत माझ्याकडे बघत होत्या. मी खडू घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं समजावलं. कुणाचं नाव घेतलं नाही. टाळ्या पहिल्यांदा बाईंनीच वाजवल्या.

खाली उतरताना त्यांनी माझा हात धरला. आता तरी काही बोलतील, असं वाटलं.

"छान समजावलंस," त्या म्हणाल्या.

मी हात सोडवून घेतला. त्या मालवणला गेल्या, त्यानंतर आमची भेट झाली नाही.