दाजी समुद्राकडे कामून निघाले

माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, बिदरजवळ चिटगुप्प्याला तूर-हरभऱ्याचा व्यापार करायचे. दुकान सोडून ते कधी लग्नालासुद्धा दोन दिवस थांबले नव्हते. त्यामुळं एका उन्हाळ्यात ते जेव्हा म्हणाले, "सायकलीवर जाऊन समुद्र बघून येतो," तेव्हा सगळे हसले. अक्का हसली नाही. तिनं मला खटकचिंचोळीहून बोलावून घेतलं. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि सुट्टी लागलेली होती.

"तू संगं जा," ती म्हणाली.

"कामून?"

"ह्यांचं बिदरला जाणं लई वाढलं होतं. तिथं नौबादला मुक्काम करायचे. मग एकाएकी बंद. धड जेवत न्हाईत, बोलत न्हाईत. आन् आता म्हणे समुद्र! कुणीतरी बाई हाय, ती तिकडं गेलीय. तू डोळे उघडे ठेव आन् मला खरं काय ते सांग."

असा मी बहिणीचा हेर म्हणून निघालो. आम्हा दोघांबरोबर तिसरं कुत्रं होतं. तांबूस, किरकोळ अंगाचं. दाजींनी ते काही महिन्यांपूर्वी नौबादहून आणलं होतं. चहाच्या लाकडी खोक्यात पोतं अंथरून त्यांनी ते मागच्या कॅरियरला बांधलं.

"कुत्रं कशाला, दाजी?"

"ऱ्हाऊ दे. राखण करतंय."

आमच्यापाशी राखण करण्यासारखं काही नव्हतं. ही गोष्ट मी मनात नोंदवून ठेवली.

नळदुर्गाच्या पुढं करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर आम्हाला अडवलं. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि हद्द ओलांडणाऱ्या माणसाकडं सरळ नजरेनं कुणी बघत नसे. जमादारानं खोक्यातलं पोतं काढून झटकलं, फळीवर टकटक केली.

"किधर जारे?"

"समंदर देखने."

"सैकल पे? कुत्ते को लेके?" मी मास्तर आहे हे कळल्यावर तो माझ्याकडं वळला. "सच्ची बोलो मास्टर, कागदां लेजारे क्या?"

सरकारविरोधी कागद आमच्याकडं नाहीत, असं मी म्हणालो. पण बोलताना माझीच नजर दाजींच्या कोटावर गेली. कुणास ठाऊक, असतीलही.

सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत आम्ही घाट उतरलो. उतारावर कुत्रं खोक्यातून मान बाहेर काढून वारा खायचं, चढ लागला की उडी टाकून आमच्या पुढं पळायचं. देवगडाला पहिल्यांदा समुद्र दिसला. मी वाळूत उभा राहून बघतच राहिलो. दाजींनी त्याच्याकडं पाठ केली आणि गावात निघून गेले.

तिथून रोज तेच. किनाऱ्यानं दक्षिणेकडं जायचं, खाडी आली की सायकली होडीत घालायच्या, आणि गाव आलं की दाजी मला कुत्र्यापाशी बसवणार. "तुमी हितंच थांबा मास्तर. मी आलोच." अर्ध्या तासानं परत यायचे ते घामेजून, तोंड पाडून. आचऱ्याला मी कुत्र्याला झाडाला बांधून त्यांच्या मागं गेलो. विहिरीवर एक तरणी बाई पाणी ओढत होती. दाजी तिच्याशी हळू आवाजात बोलले, तिनं हसून हात लांब केला. माझं अंग तापलं. त्या दिवशी मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी खाडीवर होडीची वाट बघताना मला राहवलं नाही.

"दाजी, कोण हाय ती?"

"कोण ती?"

"जिला हुडकायलाव ती. अक्कानं मला त्याच्यासाठीच धाडलंय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं, पण ते खाली बसले आणि कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून बोलू लागले.

"नौबादच्या दवाखान्यात एक कंपौंडर होता, ह्या किनाऱ्याकडचा. बिदरला गेलो की त्याच्या खोलीवर उतरायचो. त्याच्याकडं सोलापूरची बंदी घातलेली वर्तमानपत्रं यायची. एक दिवस पोलिसांच्या अमीनसाहेबांनी मला बोलावलं. मारलं न्हाई, दटावलं बी न्हाई. नुसतं इचारलं. आन् मी सांगून टाकलं."

"मग?"

"त्याला राज्याच्या भायेर घातलं. जाताना त्यानं हे कुत्रं माझ्याच हवाली केलं. 'तुमच्याशिवाय इथं माझं कोण आहे?' म्हणाला. गावाचं नाव त्यानं एकदाच सांगितलं होतं, ते मी इसरलो. खाडीच्या तोंडावर हाय, एवढंच ध्यानात ऱ्हायलं."

आचऱ्याच्या विहिरीवरच्या बाईनं हात लांब केला होता तो वाट दाखवायला, हे मला आता कळलं.

तो माणूस आणखी दोन दिवसांनी सापडला. चिऱ्यांच्या गडग्याआड, म्हणजे कुंपणाच्या भिंतीमागं, तो लाकडं फोडत होता. दाढी वाढलेली. दाजींना त्यानं ओळखलं आणि लगेच चेहरा बंद केला.

"तुम्ही म्हणता तो मी नव्हे."

मग माझ्याकडं बघून म्हणाला, "हे कोण? कुणी पाठवलं तुम्हाला?"

एवढ्यात कुत्र्यानं खोक्यातून उडी घेतली आणि कुईकुई करत त्याच्या गुडघ्यात डोकं खुपसलं. त्या माणसाचा हात आपोआप कुत्र्याच्या कानामागं गेला. पण तोंडानं तो अजून नाहीच म्हणत होता.

दाजींनी अंगणात उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. कंपौंडर बराच वेळ कुऱ्हाडीकडं बघत राहिला. मला भीती वाटली.

"मला वाटलं, दवाखान्यातल्या झाडूवाल्यानं सांगितलं," तो शेवटी म्हणाला. "निघताना तो दारात उभा होता, माझी वळकटी उचलायला आलेला. मी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आता जा. त्याला जाऊन हे सांगा."

त्यानं आम्हाला बसा म्हटलं नाही. कुत्र्याला घेऊन तो आत गेला आणि दार लावलं.

घरी आल्यावर दाजींनी अक्काला स्वतःच सगळं सांगितलं. बाई नव्हती म्हणून तिला हायसं वाटेल, असा माझा अंदाज होता. ती म्हणाली, "बाई असती तर बरं झालं असतं." पुढं आठवडाभर ती त्यांचं ताट वाढून आत निघून जायची.

मग दाजी नौबादला गेले. मला सोबत नेलं. झाडूवाला म्हातारा माणूस होता. त्यानं सगळं ऐकलं, खराटा भिंतीला टेकवला.

"मैं समजा साब गुस्से में थे," तो म्हणाला. "बहुत दिन सोचा, क्या गलती हुई मेरी." दाजींनी हात जोडले. म्हाताऱ्यानं ते जोडलेले हात पाहिले, पण धरले नाहीत. मला म्हणाला, "मास्टर, उन साब को चिठ्ठी लिखो. बोलो, मेरे दिल में कुछ नै."

दवाखान्याच्या पायरीवर बसून मी ती चिठ्ठी लिहिली. हद्दीवर टपाल फोडतात म्हणून मजकुरात एकाचंही नाव घातलं नाही. 'ज्याला तुम्ही दारात पाहिलं नाही, त्याच्या मनात काही नाही,' एवढंच. उत्तर आलं नाही. चिठ्ठी पोचली की कुणा अंमलदारानं मधेच ठेवून घेतली, कळलं नाही. घेतली असेल, तर त्या ओळीतून त्यानं काय कट हुडकून काढला असेल, याच धास्तीत मी पावसाळाभर शाळेच्या दारात अनोळखी माणूस दिसला की दचकत होतो.