कुपेतली एक जागा

क्लेरमाँच्या बाजारात मादाम ओर्तांस व्हेद्रिन यांचं रिबिनींचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून दुकानात रिबिनी कमी आणि रिकामी खोकी जास्त. पण खोकी अशी रचलेली, की गिऱ्हाइकाला वाटावं, बाईंना माल ठेवायला जागा पुरत नाही. त्यांचा सगळा संसारच या रचनेवर उभा होता. हातमोजे रोज शुभ्र, मांस फक्त रविवारी, आणि बोलण्यात येताजाता ‘आमचे लियाँचे व्यापारी’.

या रचनेच्याच जोरावर मुलीचं, सिदोनीचं, लग्न जमलं होतं. स्थळ तिएरचं. मोस्ये दुफ्रेस म्हणजे चाकूसुऱ्यांचे बडे व्यापारी. दोन्हीकडच्या पाद्र्यांनी पत्रांतून सगळं जुळवलं. व्याही-विहिणींनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. आज बाई करार करायला निघाल्या होत्या. तिएरच्या सरायीच्या अंगणात वरपक्ष उभा असणार, आणि घोड्यांची डाकगाडी थांबली की कोण कुठल्या दारातून उतरतं ते बघणार. पुढच्या कुपेतून, म्हणजे सगळ्यांत महागड्या डब्यातून, उतरलेल्या माणसापुढे टोप्या उतरतात. मागच्या, स्वस्तातल्या डब्यातून उतरलेल्या बाईची मुलगी दुफ्रेसांच्या घरची सून होणार नाही, हे सांगायला पाद्री लागत नव्हता.

आणि बाई बसल्या होत्या मागच्या डब्यात. सोबतीला दोन कोंबड्या, एक घोरणारी दाई आणि रस्त्यावरची निम्मी धूळ.

बेत साधा होता. लेझूच्या ठाण्यावर घोडे बदलत, तिथे कुपेतला एक प्रवासी उतरणार होता. शेवटच्या टप्प्यापुरती त्याची जागा पटकावायची आणि तिएरला ऐटीत पायरी उतरायची. त्यासाठीचे दोन फ्रँक बाईंनी हातमोज्यात धरून ठेवले होते.

लेझूला प्रवासी खरोखर उतरला. बाई धावतच गाडीच्या कारभाऱ्याकडे गेल्या.

“बारनाबे, ती जागा मला. दीड फ्रँक.”

“दोन!” आवाज वरून आला. गाडीच्या टपावरून, सामानाच्या ढिगामधून, धुळीनं पिठासारखे पांढरे झालेले एक गृहस्थ शिडीनं खाली येत होते.

बाईंनी हातमोज्यातले दोन फ्रँक पुढे केले. “मीही दोन देते. आणि आधी मी विचारलंय.”

“तीन,” गृहस्थ म्हणाले.

“बाईमाणसाला जागा द्यायची सोडून लिलाव कसला करताय?”

“एरवी दिली असती हो. आज अब्रूचा प्रश्न आहे. कामावरून परततोय, आणि आजच घरी विहीणबाई यायच्यात. रिबिनींचा मोठा कारभार, लियाँपर्यंत हात पोचलेत म्हणे. कुपेत डोकावलो, मधल्या डब्यात डोकावलो, दिसल्या नाहीत. स्वतःची बग्गी केली असणार. आमच्या बायकोनं अख्खी गल्ली अंगणात आणून उभी केली असेल. त्यांच्यासमोर मी टपावरून माकडासारखा उतरू?”

बाईंनी ओळखलं, हे तर मोस्ये दुफ्रेसच. मागच्या डब्यात डोकावायचं मात्र या गृहस्थांच्या मनातही आलं नव्हतं.

बारनाबेनं तीन फ्रँक खिशात टाकले, तिएरला वाकून दार उघडायची वर वेगळी बक्षिसी घेतली, आणि दुफ्रेस कुपेत चढले. बाई कोंबड्यांकडे परतल्या. आता तर घात झाला होता. हे महाशय आधी उतरणार, मागे वळून पाहणार, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर आपण मागच्या दारातून बाहेर येणार.

तिएरच्या चढाच्या पायथ्याशी गाडी थांबली. घोड्यांचा जीव वाचावा म्हणून इथे सगळ्यांनाच खाली उतरून चालावं लागे, कुपेवाल्यांनासुद्धा. चढ संपला की पुन्हा ज्याची त्याची जागा. म्हणजे हातात होता तो फक्त हा चढ. सांगितलं तर लग्न मोडेल. नाही सांगितलं तरी मोडेलच. निम्म्या चढावर बाईंनी दुफ्रेसांना गाठलं.

“मोस्ये दुफ्रेस, मला बग्गी मिळाली नाही.”

दुफ्रेस थांबले. त्यांनी आधी बाईंच्या हातमोज्यांकडे पाहिलं, मग टोपीला लागलेल्या कोंबडीच्या पिसाकडे.

“मागच्या डब्यात?” त्यांनी हळूच विचारलं.

“तुम्ही टपावर होतात,” बाईही तितक्याच हळू म्हणाल्या.

“सध्या सुऱ्यांना उठाव नाही.”

“रिबिनींनाही.”

दोघं पुन्हा चढू लागले.

“हुंडा आठ हजार ठरलाय, नाही का?” शेवटी दुफ्रेस म्हणाले.

“टपावरून बघितलं तर आठ जरा जास्तच दिसतात.”

“सहा?”

“चार. आणि सिदोनीला हिशेब उत्तम येतो. तुमच्या घरी तो कुणालातरी यायला हवा.”

दुफ्रेसांनी रुमाल काढला. वाटलं, घाम पुसतील. पण त्यांनी बाईंच्या टोपीवरचं पीस अलगद उचलून कठड्यापलीकडे टाकलं. मग हात पुढे केला. “चला विहीणबाई. इथून पुढे चालतच जाऊ. हवा छान आहे.”

गाडीच्या आधीच दोघं हातात हात घालून अंगणात शिरले. गल्लीनं टोप्या उतरवल्या. दुफ्रेसांच्या बायकोनं विहिणीचे हातमोजे पाहिले आणि तिचा चेहरा खुलला.

मागाहून डाकगाडी खडखडत आली. बक्षिसी घेतली होती, तेव्हा बारनाबेनं बोलीप्रमाणे उडी मारली, टोपी छातीशी धरली, कुपेचं दार रुबाबात उघडलं आणि रिकाम्या जागेला कमरेत वाकून नमस्कार केला.

“तीन फ्रँक,” दुफ्रेस दातांतल्या दातांत पुटपुटले.

“हुंड्यात चढवू नका म्हणजे झालं,” विहीणबाई म्हणाल्या, आणि आत जेवायला गेल्या.