थिमियोसने लपवलेलं लग्न

आमच्या डोंगरातल्या गावाला पाणी सोडायचं काम थिमियोसकडे आहे. पाणी उशिरा आलं म्हणून कोणी शिव्या दिल्या, तर उलट तोच माफी मागतो. आपल्याला कोणी हसू नये, एवढीच त्याची आयुष्यभराची धडपड. त्या भीतीनेच त्याचं वाटोळं केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी ख्रिसो. नवरा गेल्यापासून चौकातलं कॉफीचं दुकान मीच चालवते, त्यामुळे गाव जे काही बोलतं ते माझ्या कानावरूनच जातं.

पन्नाशी उलटल्यावर थिमियोस पीच तोडायच्या हंगामाला खाली सपाटीच्या मुलखात गेला आणि येताना जॉर्जियाच्या एतेरीला घेऊन आला. वाटेत शहरातल्या नगरपालिकेत दोघांनी लग्न केलं. साक्षीला दोन अनोळखी माणसं. गावात कोणाला पत्ता नाही. तसंही आमच्याकडे त्याला लग्न म्हणत नाहीत. चर्चमध्ये डोक्यावर फुलांचे मुकुट चढले, गाव जेवलं आणि ते मुकुट पलंगावर टांगले, की मग लग्न.

पहिल्याच संध्याकाळी पानोसने दुकानात विषय काढला. "काय रे थिमियो, बाई आणलीस म्हणे. या वयात मनात लाडू फुटले का?"

सगळे खिदळले. थिमियोस कानापर्यंत लाल झाला. "छे रे. आईला बघायला आणलीय. महिन्याच्या पगारावर."

कोणाला काही खटकलं नाही. इकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांना जॉर्जियाच्या बायकाच सांभाळतात.

खरं मला एतेरीने सांगितलं. गळ्यातल्या क्रुसाच्या दोऱ्यात तिने अंगठी ओवली होती.

"चर्चमधलं नंतर करू म्हणतो, काकी."

"आणि तुला चालतं हे?"

"माणूस चांगला आहे. लाजतो फक्त."

मी थिमियोसला झापलं. "अरे, बायको आहे ती तुझी. सांग की सगळ्यांना."

"ईस्टर होऊ दे, ख्रिसो. मग सांगतो."

ईस्टर झाला. त्याच्या आईचं एक अंग लुळं पडलं. रात्री तिला ठसका लागायचा, म्हणून एतेरीने आपली खाट सासूच्या खोलीत टाकली. त्या सासूला तरी कुठे माहीत होतं ही आपली सून आहे म्हणून!

एतेरीने बायको म्हणून राहायच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. त्याची चौकशी करायला दोन सरकारी माणसं साध्या कपड्यांत आली आणि आधी माझ्याच दुकानात बसली. मी मागे भांडी घासत होते.

"थिमियोसची बायको घरी असते का हो?"

"बायको?" पानोस हसला. "त्याला कोण देतंय! म्हातारीला बघायला एक परदेशी बाई आहे, तेवढीच."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. वाईट हेतू कोणाचाच नव्हता.

मी ओल्या हातांनी धावत बाहेर आले. "लग्नाची बायको आहे ती त्याची."

"तुम्ही लग्नाला होतात?"

"नाही."

"मग गावातलं कोण होतं?"

मी पानोसकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

मग ती दोघं थिमियोसच्या घरी गेली. सासूच्या खोलीत खाट दिसली, थिमियोसच्या पलंगावर मुकुट नव्हते. म्हातारी एतेरीचा हात कुरवाळत बोबडं बोलली, "ही बाई फार गुणाची. माझ्या लेकाने शोधून आणली."

लग्न नुसतं कागदापुरतं ठरलं, परवाना नाकारला. वकील झाला, अपील झालं, काही उपयोग झाला नाही. तिला देश सोडावा लागला, आणि परत यायला काही वर्षं बंदी. अंथरुणाला खिळलेल्या आईला टाकून थिमियोसला तिच्यामागे जाता येईना.

ती निघाली त्या दिवशी बस चौकात उभी होती. थिमियोस दुकानाच्या दारात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ती माझी बायको आहे."

कोणी हसलं नाही.

"आधी बोलायला काय झालं होतं तुला, गाढवा?" पानोस म्हणाला. बसच्या खिडकीत एतेरी बसली होती. अंगठी आता तिच्या बोटात होती. मला इतका राग आला होता, की मी थिमियोसला पाणीसुद्धा विचारलं नाही.

हिवाळ्यात त्याने एक बाई आणली. तीही जॉर्जियाचीच, एजन्सीतून आलेली, परवाना अगदी चोख. म्हातारी तिला एतेरी म्हणूनच हाक मारते.

परवा शेजारच्या गावाच्या मेंढपाळाने दुकानात सहज विचारलं, "थिमियो, तुझ्या अंगणात कपडे वाळत घालत होती ती कोण रे?"

थिमियोसने कप खाली ठेवला.

"आईला बघायला आणलीय," तो म्हणाला. "महिन्याच्या पगारावर."

या वेळी ते खरं होतं.