जपून ठेवलेली बॅटरी

श्रीधर मेहेंदळ्यांची अख्खी नोकरी बांधकाम खात्यात अंदाजपत्रकं करण्यात गेली. त्यामुळे अंदाज चुकतात ते इतरांचे, अशी त्यांची पक्की समजूत होती.

कोथरूडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर येऊन चार वर्षं झाली होती. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, तरी श्रीधरपंत तो चालू करू देत नसत. एरवीही त्याचं बटण बंदच. "वापरली की बॅटरी संपते. गरजेला हवी," असं त्यांचं म्हणणं. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिकही त्यांनी अजून काढलेलं नव्हतं. वासंतीबाई पदराने वारा घेत पोळ्या लाटायच्या.

यंदा गरज आली. वासंतीबाईंची फुप्फुसं अधू झाली आणि पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं. नळी काढली की त्यांना थोड्याच वेळात धाप लागे. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला: गुरुवारी नऊ ते एक वीज बंद.

श्रीधरपंतांना हुरूपच आला. कागद घेऊन बसले. दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी, गुणिले बारा व्होल्ट, झाले अठराशे. मशीन खातं तीनशे वॅट. म्हणजे सहा तास. त्यातून इन्व्हर्टरची घट कापली, बॅटरी तळापर्यंत उपसू नये म्हणून आणखी थोडं कापलं, उरले साडेचार. बॅटरीच्या वयापोटी मात्र काही कापलं नाही. वापरलीच नव्हती, म्हणजे नवीच की!

"अहो, एक सिलिंडर आणून ठेवू या का?" वासंतीबाईंनी विचारलं.

"चार तासांना साडेचार तास आहेत. सिलिंडर काय शोभेला ठेवायचा?"

बुधवारी बॅटरी चार्जिंगला लावली. संध्याकाळच्या आत हिरवा दिवा लागला.

गुरुवारी वीज गेली आणि अर्ध्या तासात इन्व्हर्टर टी-टी करू लागला. श्रीधरपंतांनी कागद काढून पुन्हा गुणाकार केला. उत्तर तेच आलं. ते कागदाकडे बघत असतानाच मशीन बंद पडलं.

"अहो..." वासंतीबाईंना शब्द फुटत नव्हता. "तो कागद... ठेवा."

त्यांचे ओठ निळसर पडले होते. श्रीधरपंतांनी धावत जाऊन शेजारच्या अक्षताचं दार बडवलं. ती हिंजवडीची नोकरी त्या दिवशी घरून करत होती. तिने मशीन चाकांवरून ओढत आपल्या घरात नेलं, वासंतीबाईंना धरून आणलं आणि नळी लावली. हळूहळू श्वास जागेवर आला. तिच्या इन्व्हर्टरवर मशीन वीज येईपर्यंत चाललं.

"तुमची बॅटरी आमच्यापेक्षा जुनी ना गं?" श्रीधरपंतांनी विचारलं.

"हो काका. पण आमची कायम चार्जिंगला असते, दर गुरुवारी वापरतो. नुसती ठेवली की मरते ती. दिवा हिरवा लागतो, पण आत काही उरलेलं नसतं."

पुढच्या गुरुवारच्या आत घरात नवी बॅटरी आली, आणि पलंगापाशी सिलिंडरही. वीज गेली. मशीन चालूच राहिलं. श्रीधरपंत उठले आणि त्यांनी इन्व्हर्टरवर वासंतीबाईंच्या डोक्यावरचा पंखा लावला.

वासंतीबाई फिरत्या पंख्याकडे बघत राहिल्या.

"धाप जरा आधीच लागायला हवी होती मला," त्या म्हणाल्या.