कोरडी फुगवलेली जाळी

सातपूरच्या त्या कारखान्यात मी स्टेंटवरचा लेप तपासायचे. स्टेंट म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची बारीक जाळी. तिच्यावर पॉलिमरचा पातळ थर असतो. त्यातून औषध हळूहळू झिरपतं आणि काही महिन्यांत थर शरीरातच विरून जातो. जाळी कोमट मिठाच्या पाण्यात फुग्यावर फुगवायची आणि लेप टिकला का ते मायक्रोस्कोपखाली बघायचं, हे माझं काम.

नव्या लेपाच्या पहिल्याच जाळीवर, वळणाच्या जागी, पापुद्रा सुटलेला दिसला. दुसरीवरही तेच. असा तुकडा रक्तातून पुढे जाऊन अडकला तर माणूस जातो. मी आमच्या विभागाच्या साहेबांना बोलावलं. ते वाकून बघत म्हणाले, "पाण्यात नको, कोरडीच फुगवा. आणि जरा कमी."

"सर, माणसाच्या आत कोरडं काय असतं?"

"मॅडम, पुढच्या महिन्यात पैसे गुंतवणारे लोक कारखाना बघायला येतायत. मला शिकवू नका."

मी नाही म्हणाले. मग माझ्याच टेबलावरच्या सहकाऱ्याने मान खाली घालून जाळ्या कोरड्या फुगवल्या. सगळ्या पास. रोज माझ्या डब्यातली भाजी खाणारा माणूस. साहेबांपेक्षा त्याचाच संताप जास्त आला.

रविवारी नांदगावला गेले. वडिलांना आदल्या वर्षीच दुसऱ्या कंपनीची जाळी बसवली होती. माझी चिडचिड ते शेंगा सोलत ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझ्यातली कुणी तपासली असंल गं?"

मी फोन उघडून मायक्रोस्कोपखाली टिपलेले त्या पापुद्र्याचे फोटो पुन्हा बघितले.

सोमवारी मी ते फोटो घेऊन थेट गंगापूर रोडला गेले, कंपनीच्या सल्लागार डॉक्टरांकडे. त्यांनी फोटो मोठे करून पाहिले. "हे तुमच्या साहेबांना माहितीये?"

"कोरडी फुगवायला त्यांनीच सांगितलं."

त्यांनी माझ्यासमोर मालकांना फोन लावला. माल थांबला. लेप देण्याआधी धातू नीट धुतलाच जात नव्हता, असं निघालं. तो दोष काढल्यावर पाण्यातही लेप टिकला.

तोवर माझी बदली पॅकिंगला झाली होती. साहेब मात्र होते तिथेच. कारखाना बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर ते म्हणाले, "आमच्या चाचण्या कडक आहेत, म्हणूनच दोष सापडला." टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईने मला कोपराने ढोसलं. मी हात एप्रनच्या खिशातून काढले नाहीत. पुढच्याच महिन्यात नोकरी सोडली. राग काही गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.