सहयोगी सदस्य

ऐंशीच्या दशकात आम्ही बोस्टनपासून तासाभरावरच्या एका गावात राहायचो. गावाच्या मधोमध हिरवळ, हिरवळीवर पांढरं लाकडी चर्च आणि त्या चर्चच्या तळघरात आमचं मराठी मंडळ. भाडं कमी, पार्किंग मोठं आणि स्वयंपाकघर ऐसपैस, एवढ्यावर आमच्या अध्यक्षकाकांनी ती जागा पक्की केली होती. हे चर्च मूळचं प्युरिटन लोकांचं आहे हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. मला ते माझ्या मुलीकडून कळलं.

ती तेव्हा पाचवीत होती. शाळेत वसाहतींचा इतिहास चालू होता आणि रोज जेवताना ती आम्हाला प्युरिटनांची एकेक तऱ्हा ऐकवायची. इंग्लंडातल्या चर्चचा जाच सहन होईना म्हणून हे लोक समुद्र ओलांडून आले आणि इथे पोचल्यावर त्यांनी स्वतःचा जाच सुरू केला. नाताळ साजरा केला की दंड. रविवारच्या प्रवचनाला दांडी मारली की दंड. प्रवचनात कुणी पेंगलं तर त्याला ढोसायला लांब काठी घेतलेला एक माणूस नेमलेला. आणि मत देण्याचा हक्क फक्त चर्चच्या पूर्ण सदस्याला. पूर्ण सदस्य व्हायचं, तर देवाने आपल्याला कधी आणि कसं धरलं ते साऱ्यांसमोर सांगायचं. ऐकणाऱ्यांना पटलं तर आत, नाहीतर बाहेर.

"म्हणजे सरकार निवडायला आधी देवळात पास व्हायचं?" नवऱ्याने विचारलं.

"यस, बाबा. अँड ओन्ली मेन."

"बरं झालं, गेले एकदाचे," तो वरणाचं पातेलं ओढत म्हणाला.

"कुठे गेले?" मी म्हटलं. "रविवारी दारू विकायची नाही हा कायदा त्यांचाच. तुला रविवारी बिअर का मिळत नाही?"

त्यानंतर त्याने प्युरिटनांकडे पहिल्यांदा गांभीर्याने पाहिलं.

आमचे अध्यक्षकाका हृदयाचे डॉक्टर. साठच्या दशकात अमेरिकेत आलेले, मंडळाचे संस्थापक. वयाने मोठी असलेली माणसंही त्यांना काकाच म्हणायची. आपण आलो तेव्हा या भागात कोथिंबीरसुद्धा मिळत नव्हती, हे ते प्रत्येक भाषणात सांगत. जणू कोथिंबीर त्यांनीच आणली. मंडळाचे नियमही त्यांचेच. गणपतीत सिनेमाची गाणी नाहीत. नाट्यसंगीत चालू असताना मुलांनी हलायचं नाही. कुणी हललंच, तर काकू मागून येऊन खांद्यात बोट खुपसायच्या. आणि मतदानाचा आणि पदाचा हक्क फक्त 'पूर्ण मराठी कुटुंबाला', म्हणजे नवरा-बायको दोघंही मराठी हवेत.

हा शेवटचा नियम कुणाला आठवतही नव्हता. तो आठवला एका नागपूरच्या मुलीमुळे. ती संशोधक होती, शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यातून गाडी हाकत यायची आणि गणपतीत मुलांचं नाटक बसवायची. तिचा नवरा अमेरिकन, तिच्याच लॅबमधला. तो टेबलं उचलायचा, खुर्च्या मांडायचा आणि सगळं संपल्यावर पुन्हा सगळं आवरायचा. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत ती चिटणीसपदासाठी उभी राहिली.

काकांनी चष्मा लावला. "अगं, तुझ्या कामाबद्दल प्रश्नच नाही. पण नियम आहे."

"काका, मी नागपूरची आहे. माझी आई मराठी शिकवते."

"तुझ्याबद्दल शंका नाही, घराबद्दल आहे. घरात भाषा कोणती? सणवार कोणते होतात?"

"दिवाळी होते. नाताळही होतो."

तळघरात कुजबुज झाली. मागून कुणीतरी विचारलं, "घरात बीफ शिजतं का?"

ती वळली. "तुमच्याकडच्या बार्बेक्यूला मी आले होते. तिथे शिजतं तेवढं नाही शिजत."

अर्धं तळघर हसलं आणि लगेच खोकून ते हसू लपवायला लागलं. मग काकांना सुचलं की जावईबापूंनीही मराठीत काहीतरी बोलावं. तो बिचारा शेवटच्या खुर्चीवर, काहीच न कळल्याच्या आनंदात बसला होता. बायकोने समजावल्यावर तो उठला, हात जोडले आणि म्हणाला, "नमस्कार. मी टेबल उचलतो."

टाळ्या पडल्या. काका म्हणाले, "छान, छान. उच्चार जरा कच्चे आहेत." काकांचा मुलगा, कॉलेजच्या सुट्टीवर आलेला, तेव्हा कोपऱ्यात कानाला वॉकमन लावून डोलत होता. त्याला 'नमस्कार'देखील जड जायचं. पण तो पूर्ण मराठी कुटुंबातला असल्यामुळे त्याच्या उच्चारांची चौकशी झाली नाही.

तेवढ्यात माझी मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, दे आर डुइंग द प्युरिटन थिंग!"

"काय म्हणते ती?" काकांनी विचारलं.

मी जसंच्या तसं सांगितलं. "ती म्हणते, वर ज्यांचं चर्च आहे ना, ते लोकही मत द्यायच्या आधी अशीच परीक्षा घ्यायचे."

मला वाटलं काका चिडतील. उलट त्यांचा चेहरा उजळला. "बघा! शिस्त होती त्या लोकांत. म्हणून तर हा देश उभा राहिला."

तिला उभं राहू द्यायचं का, यावर हात वर करून मतदान झालं. तिच्या बाजूने मी आणि आणखी मोजके हात. माझ्या नवऱ्याच्या एका हातात चहा होता आणि दुसऱ्यात बटाटेवडा. मनाने आपण तिच्याच बाजूला होतो, असं तो गाडीत सांगत राहिला. ती हरली. हरवल्यावर काकांना उदार व्हायला वेळ लागला नाही. त्यांनी तिथल्या तिथे नवा प्रकार काढला: सहयोगी सदस्य. सहयोगी सदस्याने वर्गणी पूर्ण द्यायची, पदार्थ करून आणायचे, नाटकं बसवायची. मत तेवढं द्यायचं नाही.

"नको, काका. एवढा सहयोग मला जमणार नाही," ती म्हणाली आणि श्रीखंडाचं पातेलं उचलून निघाली. नवरा मात्र सवयीने सगळ्या खुर्च्या मिटून, भिंतीशी रचूनच गेला. त्याला कुणी अडवलं नाही.

गाडीत माझी मुलगी जाम खूश होती. प्युरिटनांनीही हेच केलं होतं म्हणे. त्यांच्या मुलांना काही देवाने धरलं नाही, बाकं रिकामी पडायला लागली, तेव्हा धर्मगुरूंनी अर्धं सदस्यत्व काढलं. मी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. तिला मराठी वाचता येत नव्हतं, आणि मंडळातल्या कुठल्याच मुलाला येत नव्हतं.

त्या दिवाळीत नागपूरकरणीने ऱ्होड आयलंडातल्या आपल्या घरी फराळाला बोलावलं. काकांकडे सर्दीचं कारण सांगून निम्मं मंडळ तिकडे गेलं. शेजारचं गुजराती कुटुंब आलं, एक पंजाबी जोडपं आलं. सिनेमाची गाणी झाली, पोरं वाटेल तशी हलली, कुणाच्या खांद्यात बोट गेलं नाही. प्युरिटनांनी हाकललेले लोकही याच बाजूला येऊन राहिले होते, असं मुलीने चकली खाता खाता सांगितलं. मला फार बरं वाटलं.

दोन-तीन वर्षांत त्या फराळाचं रीतसर मंडळ झालं. एका वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांची सभा होती, तिने मला आग्रहाने बोलावलं. आता ती अध्यक्ष होती. मी पोचले तेव्हा चर्चा भांगड्यावर आली होती. पंजाबी मंडळी कार्यक्रमाचा फार वेळ खातात, निदान अर्धा कार्यक्रम मराठीतच हवा, आणि त्यांना मत असावं की नाही हेही एकदा ठरवून टाकावं.

चहाच्या वेळी मी तिला बाजूला घेतलं. "हे काय गं?"

"घटना तर हवीच ना, ताई," ती म्हणाली. "नाहीतर कुणीही येईल."

"आणि मतांचं?"

"त्याला उपसमिती नेमलीय."

उपसमितीचा प्रमुख तिचा नवरा होता. एव्हाना त्याचं मराठी खूपच सुधारलं होतं.