पोरीचे दात

"तोंड उघडा तिचं. दात दिसू द्या सगळ्यांना."

गुरुजी असं म्हणाला आणि मी उघडलं. माझ्या ह्या हातांनी. नातीचा जबडा धरला, गालात बोट घातलं आणि बाजारात बैलाचे दात दाखवतात तसे तिचे दात हॉलभर माणसांना दाखवले. सहा वर्षांची पोर. दुधाचे दात. पुढचा एक पडलेला.

तिनं कचकन माझा अंगठा चावला. रक्त आलं. हॉल हसला. गुरुजी सगळ्यांत मोठ्यानं.

"पाळलेली हाय का रानातनं धरून आणली, म्हातारबा?"

मीही हसलो. ते माझं हसणं आठवलं की अजून थुंकावंसं वाटतं.

मोखाड्याला पालकांचं शिबिर होतं ते. चावऱ्या, मारकुट्या, हट्टी पोरांच्या घरच्यांसाठी. शिकवायला शहरातून एक बाई आल्या होत्या. सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावरनं मी नातीला घेऊन जीपनं गेलो. गुरुजीनं दम दिला होता, शिबिराला नाही आलात तर शाळेतून मिळणारा महिन्याचा तांदूळ बंद. पोर पहिलीत होती. पोरांना चावायची, पाट्या फेकायची. गुरुजी तिला वर्गाबाहेर चपलांजवळ बसवायचा. चावरी म्हणायचा. देवकी नाव आहे तिचं.

बाईंनी कागदावर काढलेली तोंडं दाखवली. हसरं, रडकं, रागीट. म्हणाल्या, पोर चिडलं तर आधी त्याच्या पोटातलं दुःख ओळखा. ते त्याला बोलून दाखवा. शिस्त मग.

गुरुजी मध्येच बोलला, "बाई, ह्यांच्यात पोरं वाढवत नाहीत. आपसूक वाढतात. ह्यांना कसलं दुःख सांगता?"

ह्यांच्यात म्हणे! हा आमच्यातलाच. शेजारच्या पाड्यावरचा. ह्याच्या बापासोबत मी भट्टीवर विटा थापल्या.

चहाच्या वेळी बाई माझ्याजवळ खाली येऊन बसल्या. अंगठ्याला फडकं बांधलं.

"बाबा, कधीपासून चावते?"

"दिवाळीपासनं."

"दिवाळीत काय झालं?"

"काय नाय."

खोटं बोललो.

दिवाळी झाली की भट्टीचा ट्रक येतो. मुलगा आणि सून भिवंडीकडं जातात ते पावसाआधी परततात. त्या साली ट्रक भर दुपारी आला. पोर रडेल, मागं धावेल, म्हणून मीच सुनेला म्हणालो, पेज पाज, झोपव आणि निघ. आईचं जुनं लुगडं पोरीच्या अंगावर टाकायचं. वासानं झोप मोडत नाही. पाड्यावर सगळे असंच करतात. माझ्या बापानं केलं, मी केलं. ह्याला आम्ही माया म्हणतो.

उठली आणि विचारलं, "आयस कोठं?"

मी म्हणालो, "पाण्याला गेली. येल."

तीन दिवस पोर विहिरीच्या वाटेवर बसून होती. चौथ्या दिवशी तिनं लुगड्याचा पदर दातांनी फाडला. मग मला चावली. मी तिला मारलं. एवढं सगळं त्या "काय नाय" मध्ये होतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा शिबिर. तोच हॉल. गुरुजीनं बोट केलं, "आणा चावरीला पुढं."

मी पोरीला पाठीमागं घेतलं आणि उभा राहिलो.

"तिला हात लावायचा नाय. आयस पाण्याला गेली असं मी तिला सांगितलं. लबाड मी हाय. दाखवायचं तर मला दाखव."

"बसा, म्हातारबा. नाटकं नको."

"तुला पण असाच झोपवून निघालेलो, तुझा बा आणि मी. भिवंडी येईपर्यंत ट्रकात रडत होता तो. तू उठून कुणाला चावलास, ते आठव जरा."

कुणी हसलं नाही. गुरुजी हजेरीचा कागद उलटा करी, सुलटा करी. बाई काही बोलू लागल्या. मी थांबलो नाही, पोरीला घेऊन हॉलबाहेर पडलो. त्यांनी शिकवलेलं खरं होतं. पण पोरीच्या दातांवर हॉल हसला तेव्हा त्याही गप्प बसल्या होत्या.

पुढच्या दिवाळीला ट्रक आला. मुलगा म्हणाला, "बा, झोपव तिला."

"नाय."

पोरीला ओट्यावर उभी केली. सांगितलं, "आयस भट्टीवर चालली. पावसाआधी येल. तुला राग आला हाय. रड." पोराशी असं बोलायची आमच्यात रीत नाही. जीभ दगडासारखी झाली. ती किंचाळली. ट्रकला धोंडे मारले. सुनेनं पदरात तोंड घातलं. शेजारी म्हणाले, म्हातारा कसाई झाला. पोरीनं माझा तोच अंगठा धरला आणि चावली.

मी हात काढून घेतला नाही.

शिबिरातनं उठून आलो म्हणून गुरुजीनं तांदूळ बंद केला. होऊ दे. घरात नागली आहे. पोर रोज शाळेत जाते. तिला चपलांजवळ बसवलं तर मीही तिथंच जाऊन बसतो, गुरुजीच्या तोंडाकडं बघत. माझ्या दारातनं ट्रक सुटेल तो जाग्या पोरीसमोर. आणि तिचं तोंड ह्यापुढं कुणी उघडायचं नाही. मीसुद्धा नाही.